कोपऱ्यातला मळ

टीव्ही पुसायला फडकं हातात घेतलं की मी अजूनही एकदा दाराकडे पाहते. दारात कोणी नसतं. तरी हात आपोआप बटणाकडे जातो, बटण बंद होतं, पिन भिंतीतून निघते आणि मी पदर खोचून तिथेच खुर्चीवर बसून राहते. घरच्यांना याची सवय झाली आहे. पाहुणे मात्र विचारतात, "का वो वयनी, टीव्ही बिघडला का?" बिघडलेला नाही. थंड होतो आहे.

सौंसरच्या आमच्या गल्लीत भिंतीवरचा सपाट टीव्ही कसा पुसायचा हे सगळ्यांना पार्बताकाकूंनी शिकवलं. शिकवलं म्हणजे ओरडून, हातातलं फडकं हिसकून, प्रसंगी अबोला धरून. त्याच काकूंची नजर तो टीव्ही पुसता पुसता गेली. पुसल्यामुळे गेली नाही, एवढं आधीच सांगून टाकते, कारण गल्लीत अजून तसं बोलणारी तोंडं आहेत. नजर जात होती आतून, आणि काकू मळ शोधत होत्या बाहेर, टीव्हीच्या कोपऱ्यात.

मी पांढुर्ण्याची लेक. लग्न होऊन सौंसरला आले आणि पहिल्याच आठवड्यात सासूबाई मला ब्लाउजांची मापं द्यायला पलीकडच्या दारी घेऊन गेल्या. दारातच शिलाई मशीन, मशीनमागे एक उंच, काटकुळी बाई, गळ्यात मापाची फीत आणि ओठांत टाचण्या. टाचण्या न काढताच ती बोलली, "सरळ उभी राय. पोट आत नोको घेऊ. घरी गेल्यावर थे बाहेरच येनार हाये." मला तेव्हा बाईचा रागच आला. पण ब्लाउज असा बसला की मी पुन्हा दुसरीकडे कधी कापड टाकलं नाही.

घट्ट शिवून मागणारीला काकू सरळ परत पाठवायच्या. "कापडाले अन् मानसाले वढू नये. वढलं की उसवते." हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य होतं आणि ते त्या ब्लाउजापासून सोयरिकीपर्यंत कुठेही वापरत. बोलणं तिखट, हात मात्र विलक्षण हलका. माप घेताना फीत अंगाला लागली हे कळायचंसुद्धा नाही.

नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. होता तो एक भाऊ, गजानन. आई गेली तेव्हा तो इतका लहान होता की काकू लग्न होऊन आल्या त्या त्याला कडेवर घेऊनच. "पार्बतानं आंदनात भाऊ आनला," असं सासूबाई म्हणायच्या आणि काकू ते ऐकून खुशीत हसायच्या. त्याला त्यांनी शिवणावर वाढवलं, आयटीआय करवलं, आणि तो गुजरातेत एका कारखान्यात लागला. तिथेच रमला. बायको, पोरं, शिफ्टची नोकरी. ऐन दिवाळीत सुट्टी मिळणं कठीण. एका उन्हाळ्यात येऊन तो अक्काच्या, म्हणजे काकूंच्या, भिंतीवर भला मोठा टीव्ही लावून गेला. अक्कानं आधी त्याला शिव्या दिल्या आणि मग टीव्हीसाठी गुलाबी साटिनचं आवरण शिवलं, कडेनं पायपिंग, झालर, मागून हूक. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, "पार्बताबाईनं टीव्हीचं बी ब्लाउज शिवलं."

त्या वर्षी भाऊबीजेला गजाननला रजा मिळाली नाही. काकू त्याच्याशी फोनवर बोलत होत्या तेव्हा मी म्हटलं, काकू, फोनमधला माणूस टीव्हीवर मोठा दिसू शकतो. त्यांचा विश्वास बसेना. मी त्यांचा फोन स्टीलच्या डब्याला टेकवून स्टुलावर उभा केला, टीव्हीला जोडला, आणि भिंतीवर गजानन आला. खऱ्या माणसाएवढं तोंड. डोक्यावर रुमाल, हातात सुपारी, तिकडे तो पाटावर बसलेला. काकू कितीतरी वेळ नुसत्या उभ्या होत्या.

आमच्याकडे जिला भाऊ नाही ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. सासूबाईंनी आदल्या दिवशी सहज म्हटलं होतं, "चंद्राले ववाळ यंदा, तोही दूरच हाये." काकू फणकारल्या होत्या, "चंद्राले ववाळे बिनभावाची. माहा भाऊ जित्ता हाये." आता तो जिता भाऊ समोर होता. काकूंनी ताट घेतलं, ओलं कुंकू बोटावर घेतलं आणि सरळ टीव्हीवर, गजाननच्या कपाळावर, ठसठशीत टिळा लावला. वर अक्षता दाबल्या. गजाननने तिकडे मान हलवली तसा टिळा त्याच्या गालावर गेला, मग कानावर. आम्ही सगळ्या पोट धरधरून हसलो. काकू हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या.

फोन बंद झाल्यावर पडद्यावर लाल ओघळ आणि चिकटलेले तांदूळ राहिले. काकूंनी पदरानं पुसायला घेतलं आणि कुंकू आणखी पसरलं.  भावानं दिलेली वस्तू पहिल्याच सणाला आपण घालवली, या भीतीनं त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मोहगावहून मेकॅनिक आला. तरुण, पण मोठा शांत माणूस. त्यानं आधी टीव्ही बंद केला, पिन काढली आणि चक्क चहा मागितला. "थंडा होऊ द्या मावशी. बंद टीव्ही काळा दिसते, त्याच्यावर डाग बी दिसते." मग मऊ ब्रशनं कुंकवाचे सुटे कण उडवले. "हे घासले असते तं वरखडे पडले असते." मग फिल्टरच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं मऊ सुती कापड, एक हात टीव्हीच्या मागे आधाराला, दुसऱ्या हातानं वरून खाली, जराही न दाबता. शेवटी कोरडं कापड. काकू शेजारी उभ्या राहून त्याच्या मनगटाकडे पाहत होत्या, नवीन टाका शिकावा तशा.

तेव्हापासून ते शास्त्र काकूंचं झालं. गजाननचं लहानपणीचं मलमलचं झबलं त्यांनी जपून ठेवलेलं होतं, ते उसवून त्याचे दोन रुमाल केले. एक ओला, एक कोरडा. ते वेगळे धुवायचे, बिनसाबणाचे, आणि झाकणाच्या डब्यात ठेवायचे, म्हणजे त्यांच्यावर धूळ बसून तीच धूळ पडद्यावर घासली जायची नाही. कापसाचा हंगाम असो की उन्हाळ्यातला वारा, आमच्याकडे धुळीला तोटा नाही. रोज सकाळी मशीनला तेल घालण्याआधी काकू टीव्हीचं ब्लाउज काढत, आधी वरची धूळ हलकेच झटकत, मग पुसत. कोपरे सगळ्यात शेवटी.

एकदा सासूबाई ज्या फडक्यानं ओटा पुसला तेच ओलंगच्च फडकं आमच्या टीव्हीवर फिरवत होत्या. काकू दारातून आत आल्या त्या वाघिणीसारख्या.

"वयनी! फरशी हाये का थे?"

"पान्यानं काय होते वो त्याले?"

"पानी खाली उतरते. अन् खालच्या पट्टीत त्याचा जीव हाये. आंघोळ घालून मारता का?"

फडकं त्यांनी हिसकून घेतलं. खिडकीच्या काचेवर मारायचा फवारा मी आणला होता, तोही त्यांनी उचलून मोरीत ठेवला. "हे इथं नाई चालत. स्पिरिट नाई, फवारा नाई, पेपराचा बोळा नाई. याच्यावर सायीसारखी परत असते. साय कोनी खरवडते का?" सासूबाई पुढचे काही दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. पण टीव्ही मात्र त्या सांगतील तसाच पुसू लागल्या.

पुढच्या भाऊबीजेपासून काकूंनी टीव्हीला कुंकू लावणं सोडलं. म्हणजे टिळा लावत, पण पडद्याला न टेकता. ओल्या कुंकवाचं बोट गजाननच्या कपाळापर्यंत नेत आणि नखभर अंतरावर थांबवत. तिथेच हवेत खालून वर एक रेघ. अक्षता ताटातच ठेवत. ओवाळणीही जरा मागं सरून, ज्योतीची आच लागू नये म्हणून. गजानन तिकडून स्वतःच स्वतःच्या कपाळाला कुंकू लावून घेई. दोघांचा हा करार इतका बेमालूम जमला होता की परक्या माणसाला वाटावं, हीच रीत आहे.

वर्षं अशीच गेली. एवढं एकच मागणं काकूंच्या आयुष्यात होतं, की दर भाऊबीजेला गजाननचं तोंड मोठं आणि स्वच्छ दिसावं. बाकी जगाकडून त्यांना काही नको होतं.

मग कोपऱ्यांची तक्रार सुरू झाली.

"पोरी, तुये डोये चांगले हाय. पाह्य बरं, या कोपऱ्यात मळ दिसते का?"

मी पाहिलं. कोपरा लख्ख होता. तसं सांगितलं तर म्हणाल्या, "जवळ आली की साफ दिसते. तिकडं खाटेवर बसली की मळते. कोपऱ्यातून आत सरकून राहिला मळ." मी हसले. काकूंच्या स्वच्छतेला गल्लीत सगळेच हसायचे. त्या दिवसातून दोनदा पुसू लागल्या, मग तीनदा. मोहगावचा मेकॅनिक पुन्हा बोलावला गेला. त्यानं टीव्ही लावून पाहिला, बंद करून पाहिला, आणि म्हणाला, "मावशी, नवा बी इतका साफ नसते." काकूंनी त्याला चहा दिला आणि तो गेल्यावर म्हणाल्या, "याले बी आता घमंड आला."

याच सुमारास लोक काकूंबद्दल कुरकुरू लागले. बाजारात बाजूनं जाणाऱ्या ओळखीच्या बाईला त्या ओळख देत नाहीत म्हणून एकीनं तोंड फिरवलं. दुसरीच्या अंगणात भरलेल्या संत्र्यांच्या क्रेटला अडखळून त्यांनी संत्री सांडली आणि वर तिलाच झापलं, "रस्त्यात कायले ठेवता?" क्रेट रस्त्यात नव्हता, कडेला होता. गुडघे कायम फुटलेले. सासूबाईंनी निदान केलं, "पार्बताले भावाच्या कमाईचा माज आला." आणि मजा म्हणजे सुईत दोरा ओवायला काकू अजूनही कोणाला सांगत नसत. एका झटक्यात ओवत. समोरचं, नाकासमोरचं, सगळं दिसत होतं. मग डोळ्यांवर संशय कोण घेणार?

एका दुपारी मी गेले तर काकू टीव्हीसमोर उभ्या होत्या आणि घरात स्पिरिटचा वास होता. हातात भांडी घासायचा काथ्या नव्हता एवढंच नशीब. गोळा केलेल्या फडक्यानं त्या वरच्या कोपऱ्यात गोल गोल, जोर लावून, दात खाऊन घासत होत्या. टीव्ही चालू. पिन भिंतीत. घासल्या जागी पांढुरका धुरकट चट्टा उठला होता.

"काकू!"

"निंगून नाई राहिला वं," त्या म्हणाल्या. मागे वळल्याही नाहीत. "समदं करून पाह्यलं. निंगूनच नाई राहिला."

मला तेव्हा खरी भीती वाटली. चट्ट्याची नाही. ही बाई स्वतःचा नियम मोडते आहे याची. मी त्यांचा हात धरून त्यांना खाटेवर बसवलं आणि माझा हात त्यांच्या कानशिलाशी नेऊन हलवला. त्यांनी पापणीसुद्धा हलवली नाही.

नागपूरला मीच घेऊन गेले. सकाळची बस, बोरगाव मागे पडलं, काकू खिडकीशी बसून सरळ पुढच्या सीटच्या पाठीकडे पाहत होत्या. डोळ्यांच्या दवाखान्यात एक तपासणी असते. पांढऱ्या वाडग्यासारख्या मशीनसमोर हनुवटी टेकवायची, मध्ये पाहत राहायचं, आणि बाजूला कुठेही उजेडाचा ठिपका दिसला की हातातलं बटण दाबायचं. मला शेजारी बसू दिलं होतं. काकूंनी बटण मोठ्या तयारीनं धरलं, मशीन चालवायला पायडलवर पाय ठेवावा तसं. मध्ये एकदा दाबलं. परत एकदा दाबलं. मग बराच वेळ काही नाही. मशीनचा बारीक टकटक आवाज येत होता.

"बाई," काकू तपासणाऱ्या मुलीला म्हणाल्या, "चालू करा न मशीन."

 तिनं माझ्याकडे पाहिलं. मशीन चालूच होतं.

डॉक्टर चांगले होते. घाई न करता त्यांनी सांगितलं की हा काचबिंदू आहे, तो आवाज न करता कडेनं नजर खात येतो, आणि खाल्लेली नजर परत देत नाही. उरलेली जपायची. थेंब चुकवायचे नाहीत. फार आधी आले असते तर बरंच वाचलं असतं, हेही त्यांनी सांगितलं. ते नसतं सांगितलं तरी चाललं असतं असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं.

 परतीच्या बसमध्ये काकू पिशवीतली थेंबांची बाटली हातानं चाचपत होत्या. सौंसर जवळ आलं तेव्हा त्यांनी विचारलं,

"मतलब, टीव्ही साफच होता?"

मी "हो" म्हटलं. 

थेंब नेमानं घातले. मीही आठवण करत होते. पण उशीर झाला होता आणि आजार हट्टी होता. मशीनवर आधी ब्लाउज बंद झाले, मग फॉल, मग पिशव्या. शेवटी त्या नुसत्याच मशीनशी बसून राहत आणि चाकावर हात ठेवत. मला वाटलं होतं टीव्ही पुसणं आता सुटेल. ते सुटलं नाही. उलट ती घाबरलेली घासाघीस जाऊन जुनी पद्धत परत आली. बटण बंद, पिन बाहेर, पाठीमागे हात लावून थंड झाला का ते पाहायचं, मग ब्रश, मग ओलसर रुमाल, मग कोरडा. वरून खाली, न दाबता. आता सगळं बोटांवर होतं. "मले दिसत नाई म्हनून त्यानं मळकं राहावं का?" एकदा त्या म्हणाल्या. स्पिरिटच्या चट्ट्यापाशी त्यांचं बोट क्षणभर थांबायचं. तिथली सायीसारखी परत निघालेली बोटाला कळत होती.

गजाननला सांगायचं नाही, अशी त्यांनी मला शपथ घातली होती. "थो नोकरी सोडून येईन. पोरं लहान हाय त्याचे." मी म्हटलं, तो व्हिडिओवर पाहतो, त्याला कळणारच. काकू हसल्या. "त्याले सवय हाये." खरंच होतं ते. फोनचा कॅमेरा स्टुलावर आणि काकूंची मान वर टीव्हीकडे, हे पहिल्या वर्षापासूनचं. "अक्का, इकडं पाह्य न, मोबाइलात," असं तो दर वेळी म्हणायचा आणि त्या म्हणायच्या, "मी तुयाकडंच पाहून राहिली." इतकी वर्षं अक्का कॅमेऱ्यात कधी बघतच नव्हती. आता ती कुठेच बघत नाही, हे त्याला कसं कळावं?

अशा दोन भाऊबीजा निभावल्या. भावाचं तोंड त्यांना किती दिसत होतं मी विचारलं नाही. पहिल्या वेळी त्या म्हणाल्या, "बारीक झाला थो." दुसऱ्या वेळी काही म्हणाल्या नाहीत.

तिसरी भाऊबीज आली. सकाळीच टीव्ही पुसलेला, रांगोळी मी काढलेली, ताट तयार. गजानन पडद्यावर आला, रुमाल डोक्यावर. काकूंनी आवाजाच्या अंदाजानं बोट नेलं, हवेत टिळा काढला. मग निरंजनाचं ताट घेतलं आणि ओवाळायला लागल्या. मागं सरायचं असतं ते त्या विसरल्या की अंतर चुकलं, देव जाणे. ज्योत टीव्हीच्या खालच्या पट्टीला भिडली. प्लास्टिक जळाल्याचा वास आला तशी मी झेपावून त्यांचा हात ओढला. ताट खाली पडलं. तूप, कुंकू, तांदूळ, सगळं फरशीवर, आणि निरंजन एकीकडे घरंगळलं, जळतच.

"अक्का! काय झालं?" गजानन भिंतीवरून ओरडला.

"काई नाई, काई नाई रे." काकू खाली बसून निरंजन शोधत होत्या. निरंजन डाव्या हाताला, त्या उजवीकडे चाचपत होत्या. मग त्यांचा हात वळला आणि सरळ ज्योतीकडे निघाला. मी निरंजन उचललं. पण स्टुलावरच्या फोनला हे सगळं दिसत होतं.

 भिंतीवरचा गजानन हळू आवाजात म्हणाला, "अक्का, माह्या हातात काय हाये?"

त्यानं रिकामा पंजा समोर धरला होता.

काकू उठल्या, साडी नीट केली, टीव्हीकडे तोंड केलं. "काय असन? सुपारी हाये. दरसाली असते."

गजाननने हात खाली घेतला. "हो," तो म्हणाला. "सुपारीच हाये." आणि फोन बंद केला.

तो चौथ्या दिवशी आला. आमच्याकडे भाऊबीज पौर्णिमेपर्यंत चालते, भाऊ येईल तेव्हा. त्याच रात्री त्यानं मला फोन करून सगळं विचारून घेतलं होतं आणि येणार हेही कळवलं होतं, मी काकूंना सांगितलं, आणि त्यांनी मला शपथ मोडल्याबद्दल बोल लावले नाहीत. त्यांनी डबा उघडून झबल्याचे रुमाल काढले. भाऊ प्रत्यक्ष येतो आहे, आता टीव्ही कशाला पुसायचा, असं माझ्या ओठांवर आलं होतं. खालच्या पट्टीचा वितळलेला भाग त्यांनी बोटानं चाचपला, रुमाल त्याच्यावरून हलकेच नेला, आणि साटिनचं आवरण चढवून मागचे हूक लावले.

गजानन दारात आला तेव्हा काकू वळल्या त्या टीव्हीकडे. त्याचा आवाज इतकी वर्षं तिकडूनच येत होता. मग चूक कळून दाराकडे वळल्या. तो आत आला, पाया पडला. डोक्याला टक्कल, पोट सुटलेलं, डोळ्यांखाली काळं. पडद्यावर यातलं काही दिसत नसे, रुमालाखाली झाकलेलं असे. काकूंना हे दिसलं नाही, एवढं एकच त्या दिवशी बरं झालं असं मला वाटलं.

पाटावर बसला. मी ताट काकूंच्या हातात दिलं. त्याच्या श्वासावरून त्यांनी अंदाज घेतला, कुंकवात बोट बुडवलं आणि हात पुढे नेला. बोट त्याच्या कपाळापाशी आलं आणि नखभर अंतरावर थांबलं. तिथेच, हवेत, खालून वर एक सरळ रेघ ओढून काकूंनी हात मागे घेतला. अक्षतांना हातही लावला नाही.

गजाननचं कपाळ कोरडंच होतं.  त्यानं त्यांचं मनगट धरलं, बोट परत वर आणलं आणि आपलं कपाळ पुढे करून त्यावर टेकवलं. जोरात टेकवलं.

काकूंनी चटका बसल्यासारखा हात मागे ओढला. "अरे, दाबू नोको! डाग पडन!"

"पडू दे, अक्का," गजानन म्हणाला. "पडू दे."

त्यांचा हात मध्येच थांबला. मग दोन्ही हात पुढे आले. तळवे नव्हे, नुसती बोटं. कपाळावरून भुवयांवर, गालांवरून हनुवटीपर्यंत, वरून खाली, जराही न दाबता, कान शेवटी. कुंकू सगळ्या तोंडावर पसरलं. गजानन रडत होता आणि ते पाणी त्यांच्या बोटांना लागलं. काकूंनी घाईघाईनं पदर घेतला आणि त्याच्या हनुवटीशी धरला.

"पूस रे," त्या म्हणाल्या. "पानी खाली उतरू नोको देऊ."

दुसऱ्या दिवशी तो त्यांना गुजरातेत घेऊन गेला. टीव्ही माझ्याकडे आहे.